दहा मिनिटांवरचा वॉर्ड

१९ जानेवारी

चिमणे,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी एक वाक्य बोलले की तू रडतेस, मग मलाच तुझी समजूत काढावी लागते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहिते आहे. एकदाच लिहीन. परत विचारू नकोस.

मंगळवारी दुपारी ठकीला कळा सुरू झाल्या. मी कारखान्यात होते, कॉलरच्या टेबलावर. शेजारणीनं निरोप पाठवला, तशी घरी आले. जावई बोटीवर, त्याला कळवायचं तरी कसं? आपल्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड तुला आठवतो ना, ठकी झाली तो? मागच्या वर्षी बंद केला. डॉक्टर मिळत नाही, नर्स मिळत नाही म्हणे. वरून हुकूम आला आणि कुलूप लागलं. आता तिथे खोकी ठेवतात. म्हणजे न्यायचं ते मोठ्या इस्पितळात, दीड तासाचा रस्ता. सरकारी ॲम्ब्युलन्स बोलावली. गाडी दोन तास आली नाही.

रस्त्यातच झालं, सिमेंटच्या गोदामासमोर. मुलगी होती. डोक्यावर हे एवढं जावळ. रडली नाही. ड्रायव्हरनं अंगातला स्वेटर काढून दिला आणि पाठ करून उभा राहिला. इस्पितळात पोचल्यावर त्यांनी वहीत वेळ लिहिली आणि माझी सही घेतली.

ठकी अंगानं बरी आहे. जेवते, अंघोळ करते, कपड्यांच्या घड्या घालते. माझ्याशी मात्र तीनच शब्द बोलते. हो, नको, झालं. तिला दूध येतंय. दिवसातून दोनदा मी जुन्या चादरीच्या पट्टीनं तिची छाती घट्ट बांधते. बाळ नाही हे दुधाला कोण सांगणार?

तू येऊ नकोस. आलीस तर रडशील.

ताई


२७ जानेवारी

ताई,

रडले. तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले, आता काय करायचं ते कर.

शाळेत मधल्या सुट्टीत पत्र पर्समध्येच होतं. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, डोळे का असे सुजलेत? मला सांगता येईना, तेव्हा मी सरळ वाचूनच दाखवलं. शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांपुढे. गणिताचे सर, मी तोंड उघडलं की घड्याळाकडे बघणारे, ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले ते घंटा होईपर्यंत.

चित्रकलेच्या बाईंची वहिनी विरोधी पक्षाच्या महिला आघाडीत आहे. तिच्या म्हणण्यानुसार असे वॉर्ड देशभर बंद झालेत आणि निवडणुकीत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. सगळे बोलतात ते सीमेवर आणि पुतळ्यांवर. पुढच्या रविवारी त्यांची सभा आहे. मला म्हणाली, दोन शब्द बोलाल का?

मी हो म्हणाले आहे. तुझं नाव घेणार नाही, ठकीचं तर नाहीच. रागावू नकोस. लहानपणी तू लिहायचीस आणि मी बोलायची, आठवतं ना? मला अजून तुझ्यासारखं लिहिता येत नाही गं.

ठकीला जवळ घे.

चिमणी


१६ फेब्रुवारी

चिमणे,

दोन शब्द म्हणाली होतीस. बावीस मिनिटांचं आहे.

काजबटणवाली जेवणाच्या सुट्टीत फोन घेऊन आली. "ताई, ही तुमची बहीण ना? काय बोलते हो!" बघते तर तू. चष्मा डोक्यावर, हात असा पुढे. टेबलाभोवती तीस बायका गोळा झाल्या, डबे तसेच उघडे. "बाळ नाही हे दुधाला कोण सांगणार?" असं म्हणून तू थांबलीस. मनातल्या मनात तीन मोजलेस. कुणी शिकवलं होतं तुला ते? सातवीत असताना, मागच्या ओट्यावर, मी. आणि मग टाळ्या पडल्या. माझ्या नातीवर टाळ्या पडल्या, चिमणे.

तू म्हणशील ताईला राग आला. राग नाही आला. मी जळले. अगदी स्पष्ट सांगते, डबा न खाताच बंद केला. आईच्या कपाटात सात कप आहेत आणि सातांवर तुझं नाव आहे. भाषणं कुणी लिहिली ते एकाही कपावर नाही. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण घरात एकीलाच पुढे शिकवणं परवडत होतं आणि तुझा आवाज गोड होता. आता हेही तुझंच झालं. बायका मला विचारतात, तुमच्या बहिणीला फार सोसावं लागलं ना? आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बीळ दुःखाचं असलं तरी तो येतो हे आज कळलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण परवा ठकीनं माझा फोन मागितला. माझ्याशी बोललेलं चौथं वाक्य ते, "फोन दे." मागच्या पायरीवर बसून तिनं तुला तीनदा ऐकलं. मग रडली. महिन्यात पहिल्यांदा, हमसून हमसून. मी जवळ गेले तर म्हणाली, "नको."

मी पट्ट्या बांधायच्या, पेज भरवायची, आणि तिनं रडायचं तुझ्यापाशी.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तू माझ्यावर जळतेस? माझ्यावर? अगं, आईनं मला कप दिले आणि कपाटाच्या किल्ल्या तुला दिल्या. आयुष्यभर घरात काहीही झालं की "ताईला विचारा." मला कुणी काही विचारलंय कधी? मी म्हणजे तोंड. डोकं तू. सात कप घेताना मला काय वाटत होतं ते मी तुला कधी सांगितलं नाही, आणि आज रागाच्या भरात सांगणार नाही.

टाळ्यांचं मलाही कसंतरी झालं. पण ताई, पुढे काय झालं तेही ऐक. आमच्या शाळेचा शिपाई, तीस वर्षं एकाच चिन्हावर शिक्का मारणारा माणूस. बाप मारायचा म्हणून हा मारतो. तो काल मला म्हणाला, "बाई, सून सातव्या महिन्यात आहे. या वेळी मी उमेदवाराला आधी विचारणार." उमेदवार दारात आले की बायका पहिला प्रश्न वॉर्डाचा विचारतात. त्यांच्या कागदावर तो मुद्दाच नसतो, मग ते सेक्रेटरीच्या तोंडाकडे बघतात. हे तुझ्या एका पानानं केलं. तुझ्या, माझ्या नाही.

आणि एक सांगायचं होतं. ठकीचं मला पत्र आलं. चार पानी. काय लिहिलंय ते सांगणार नाही, तिनं शपथ घातली आहे. तिला थोडे दिवस माझ्याकडे पाठवतेस का? जागा बदलली तर बरं वाटेल.

चिमणी


५ मार्च

चिमणे,

चार पानं! मला तीन शब्द आणि तुला चार पानं.

तिनं ती कधी लिहिली, कुठे बसून लिहिली, पाकीट कुणी टाकलं, मला काही पत्ता नाही. एका घरात राहतो आम्ही, दोन खोल्यांच्या. मी काल तिची उशी उचलून बघितली. उशी! असली बाई झाले मी.

आता माझंही ऐक. गेल्या आठवड्यात कारखान्याच्या फाटकापाशी पाहणीवाली मुलगी आली होती, हातात यादी घेऊन. मत देताना कुठला प्रश्न महत्त्वाचा वाटतो? महागाई, रोजगार, शिक्षण, आरोग्य, सुरक्षितता, इतर. मी म्हटलं, इतर. ती म्हणाली, इतर म्हणजे काय ते सांगावं लागेल. मी म्हटलं, माझी बहीण. तिला वाटलं थट्टा करते. थट्टा नव्हती. तू ज्याच्या बाजूनं बोलतेस त्याला मी मत देणार नाही. जुन्या खासदाराला देणार. आणि एकटी देणार नाही. माझ्या टेबलावर चाळीस बायका आहेत आणि त्या माझं ऐकतात. मी त्यांना समजावून सांगितलंय की वॉर्डबिर्ड काही परत उघडत नसतो, निवडणूक झाली की हे लोक तोंडाला पानं पुसतात. हा खासदार निदान कारखान्यापर्यंत रस्ता तरी घेऊन आला. तो पडला तर मोठी ऑर्डर जाईल, ऑर्डर गेली तर अर्ध्या मशिनी बंद, मग बसा घरी वॉर्डाची गाणी गात. पटलं त्यांना. मलाही बोलता येतं, चिमणे. सभा लागत नाही, कॉलर उलटवता उलटवता बोलता येतं.

तुझ्या भाषणापायी त्या ड्रायव्हरच्या मागे चौकशी लागली आहे. दोन तास कुठे होतास म्हणून. कामावरून बसवलाय. त्याची बायको माझ्या मागच्या मशीनवर असते. ते जाऊ दे.

ठकीला मी पाठवणार नाही. तुला स्वतःचं मूल नाही म्हणून माझं घेऊ नकोस.

ताई


१२ मार्च

ताई,

मला मूल नाही हे मला माहीत आहे. टपालानं कळवायची गरज नव्हती.

मी ते भाषण बंद केलं आहे. आघाडीच्या बायका नाराज आहेत, होऊ देत. कारण ठकीच्या पत्रात आहे. ते तिला विचार.

चिमणी


२० मार्च

चिमणे,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. लिहिलं. पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून बघितला, मनगटापुढे जात नाही.

पण भाषण बंद केलंस ते माझ्यावर उपकार म्हणून सांगू नकोस. महिनाभर माझ्या घरचं दुःख गावोगाव वाजवलंस, आता जुनं झालं असेल. नवा विषय मिळाला असेल. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि काम झालं की गप्प.

ठकीला विचारलं नाही. काय विचारू? "तू मावशीला काय लिहिलंस?" असं? ती "नको" म्हणेल, आणि तेवढं ऐकायची ताकद माझ्यात नाही. काल तिनं पलंगाखालची बॅग काढून पुसली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "मतदान झालं की मावशीकडे." पहिल्यांदा आपणहून एवढं बोलली आणि ते हे.

एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही. कप घे, टाळ्या घे, माझं पत्र घेतलंस तेही घे. तिला नेऊ नकोस. मला दुसरं कुणी नाही.

ताई


२८ मार्च

ताई,

मी तिला नेत नाहीये. ती लगेच निघणार होती, मतदानापर्यंत थांब असं मीच म्हटलं. म्हटलं, तोवर आई विचारेल.

तू सगळ्या कारखान्याला समजावतेस आणि समोर बसलेल्या पोरीला एक प्रश्न विचारत नाहीस. तुला वाटतं तू तिला सांभाळते आहेस. ताई, ती तुला सांभाळते आहे. याहून जास्त सांगितलं तर शपथ मोडेल.

आणि कपांचं आज सांगते, रागाच्या भरात नाही. दर वेळी कप हातात आला की मी आधी तुझ्याकडे बघायची, खालच्या रांगेत. तू ओठ हलवत असायचीस. माझं भाषण संपलेलं असायचं तरी तुझे ओठ चालूच असायचे. मला वाटायचं, खरी मजा तिकडे आहे, मी नुसती उभी आहे. आजही पत्र वाचताना तेच वाटलं. असं दुःख झालं असतं तरी मला असं लिहिता आलं नसतं. बघ, मी कशाकशावर जळते ते.

चिमणी


२१ एप्रिल

चिमणे,

परवा मतदान झालं. हे पत्र बसून नीट वाच. चष्मा डोक्यावर नाही, डोळ्यांवर घाल.

आमचं केंद्र शाळेत होतं, तिसरीच्या वर्गात. कारखान्यानं दोन तुकड्यांत सुट्टी दिली होती, माझ्या टेबलाच्या निम्म्याहून जास्त बायका सकाळीच मत देऊन गेल्या होत्या. आम्ही दुपारी गेलो. ठकी माझ्यापुढे, तिच्यापुढे काजबटणवाली, आणि आणखी दोघी सोडून ती ड्रायव्हरची बायको. रांग हलत नव्हती. काजबटणवालीला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, "काही म्हणा, वॉर्ड असो नसो, त्या ड्रायव्हरनं दोन तास लावले नसते तर पोर वाचलं असतं." तेही मुद्दाम मोठ्यानं. पुढच्या बाईची मान आणखी खाली गेली. मी ऐकलं आणि गप्प राहिले. दोन महिने मूग गिळून बसले होते, तशीच बसले.

ठकी वळली. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, "गाडी वेळेवर आली होती. चाळीस मिनिटांत आली. आम्हीच उशिरा बोलावली."

खाई त्याला खवखवे. चिमणे, भिंतीला धरून उभी राहिले.

हे तुला माहीत होतं. चार पानांत तेच होतं, हो ना? मग मीच सांगते, माझ्या अक्षरात. बारा वाजता तिला कळा सुरू झाल्या आणि साडेबाराला मी घरी पोचले. ती म्हणाली, आई, गाडी बोलावू? मी म्हटलं, थांब गं, पहिलटकरणीला वेळ लागतो. तुझ्या वेळी मी दिवसभर घरी होते, भाजी निवडली, मग चालत गेले. लवकर गेलं की त्या नर्सा ओरडतात. चालती रहा, भिंतीला हात लावून. असं म्हणत मी तिला दोन तास खोलीत फिरवलं. नर्सा ओरडतात! कुठल्या नर्सा? वॉर्डाला कुलूप लागून वर्ष झालं होतं. रोज त्याच्यावरून कामाला जाते मी, कुलूप रोज बघते. पण बाळंतपण म्हटल्यावर माझं डोकं जुन्याच अंतरानं चाललं. दवाखाना दहा मिनिटांवर असताना जेवढं थांबता येतं तेवढं मी थांबले. अडीचला पाणी गेलं, तेव्हा लक्षात आलं की दहा मिनिटांवर काही नाही.

मग तुला लिहिताना हात आपोआप तसा चालला. गाडी दोन तास आली नाही. पाच शब्द. तू ते सभेत म्हणालीस, सगळे म्हणायला लागले, आणि मग मलाही खरं वाटायला लागलं. तुझ्यावर जळत राहिले की दुसरं काही आठवायचं नाही. सोपं होतं ते.

 ड्रायव्हरच्या बायकोनं मागे वळून बघितलं. मला वाटलं, आता ठकी माझ्याकडे बघणारच नाही. तिनं माझा दंड धरला. म्हणाली, "आई, तुला वॉर्ड तिथेच आहे असं वाटलं ना?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मलाही वाटलं गं. तू थांब म्हणालीस तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं."

तीन महिने ती मला हे सांगायचं म्हणून थांबली होती आणि मी विचारत नव्हते. मी विचारलं तर तिला खरं बोलावं लागेल आणि खरं बोलली तर आई मोडेल, म्हणून हो-नको-झालं. तुला तिनं लिहिलं ते ड्रायव्हरसाठी. मला वाटत होतं तिला मावशी जवळची वाटते. माझी अक्कल!

आत गेले. बोटाला शाई लावून घेतली. आडोशामागे उभी राहिले आणि खरं सांगते, तेव्हाही तुझाच चेहरा डोळ्यांपुढे आला, हात पुढे केलेला, आणि पोटात दुखलंच. तरी मत वॉर्डाला दिलं. तुझ्या माणसाला दिलं असं समजू नकोस, तो कसा दिसतो तेही मला माहीत नाही. पुढच्या वेळी कुणाच्या तरी आईनं त्याच हिशोबानं थांबावं आणि दवाखाना खरंच दहा मिनिटांवर असावा, एवढ्यासाठी दिलं.

काल इस्पितळाच्या कचेरीत जाऊन लिहून दिलं. गाडी चाळीस मिनिटांत आली, उशीर माझा. खाली सही केली. कारकून म्हणाला, आजी, हे लिहायची तुम्हाला गरज नव्हती. आजी म्हणाला मला.

ताई


२४ मे

ताई,

निकाल लागला, तू ऐकलंच असशील. देशात आमचे लोक आले. तुमच्या मतदारसंघात मात्र जुनाच निवडून आला. आघाडीच्या कचेरीत पेढे वाटत होते, मी थांबले नाही, घरी येऊन बसले. शिपाई हसत हसत सांगत होता की त्याच्या घरात पहिल्यांदा पाच मतं एका विचारानं पडली.

तुझं ते पत्र मी कुणालाही वाचून दाखवलेलं नाही. एकदाही नाही. शिक्षकांच्या खोलीतही नाही. उशीखाली आहे. तुला उशा तपासायची सवय आहे म्हणून सांगून ठेवते.

ठकीचं काय ठरलं? मी जागा करून ठेवली होती. येणार नसेल तर नसू दे. येणार असेल तर तूही ये.

चिमणी


१ जून

चिमणे,

इथे तो जुनाच आला, आणि त्यातल्या काही मतांचं पाप माझ्या डोक्यावर आहे. सकाळच्या तुकडीतल्या बायका म्हणतात, ताई, तुम्हीच तर सांगितलं होतं. हो, मीच सांगितलं होतं. दुपारच्या काही जणींना परत वळवलं, सगळ्यांना कुठून वळवणार? टेबलावर आता पहिल्यासारखं कुणी माझं ऐकत नाही. हरकत नाही. वॉर्ड उघडा म्हणून अर्ज लिहिला आहे, त्यावर एकेकीची सही घेत फिरते. काजबटणवालीनं तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा केली. अर्ज तुझ्या लोकांच्या नव्या मंत्र्याकडे पाठवायचा आहे. तू घेऊन जा. आणि तिथे सांगायची वेळ आली तर सगळं सांग. चाळीस मिनिटं सांग, दोन तास मी थांबवलं ते सांग, माझं नाव घेऊन सांग. लिहून देऊ का? बरं वाटेल तिथे थांब, तीन मोज, मी काही म्हणणार नाही. ड्रायव्हर कामावर परत आला आहे. त्याचा स्वेटर ठकीनं धुऊन ठेवला होता इतके दिवस, तो नेऊन दिला.

ठकी तुझ्याकडे चार दिवस येईल, मग तिचा नवरा बोटीवरून उतरतोय. मी नाही येत, टेबल सोडवत नाही. आता ती खूप बोलते. माझा जीव नको होतो इतकी बोलते.

परवा सकाळी आम्ही दोघी चादरी वाळत घालत होतो. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मध्येच म्हणाली, आई, मी तिचं नाव ठेवलं होतं. पाचव्या महिन्यापासून त्या नावानं हाक मारायचे, मनात. मी विचारलं, नवऱ्याला माहीत आहे? नाही म्हणाली. मग, तू हसशील, पण मी विचारलंच, मावशीला लिहिलं होतंस? त्या चार पानांत? नाही म्हणाली. कुणालाच नाही. आणि मला सांगितलं.

सुंदर नाव आहे. मी दिवसभर मशीनवर ते म्हणत असते.

चिमणे, तू विचारशील. फोन करशील, रडशील, ठकी आल्यावर तिलाही गोडीनं विचारशील. विचारू नकोस. बाकी सगळं तुझ्या आवाजात शोभतं, ते तू सांग. हे मी सांगणार नाही. हे माझं आहे.

ताई